हाताचा रकाना

गोठ्यात आल्यावर सोजरबाई लगेच कामाला लागत नसत. दाराशी उभ्या राहत, उजवा तळवा पदराला पुसत आणि दोन्ही रांगांवरून नजर फिरवत. नवख्याला वाटे, बाई कामचुकार आहे. तेवढ्या वेळात कोणती गाय तीन पायांवर भार देऊन उभी आहे, कोणी कडबा तसाच टाकला आहे, कोण माजावर येऊ घातली आहे, हे सगळं त्यांनी टिपलेलं असे. मग त्या मला सांगत आणि मी वहीत लिहून घेई. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मला तेवढंच येत होतं.

हिंगोलीहून सेनगावला जाणाऱ्या रस्त्यावर एका संस्थेचा दूध प्रकल्प होता. मी तिथे नोंदी ठेवायला होतो. त्याआधी बरीच वर्षं सरकारी खात्यात कारकुनी केलेली. प्रकल्प आता बंद आहे. शेड उभी आहे, तिच्यात हळदीची पोती ठेवतात. सोजरबाईही गेल्या. त्या भागात अजून सांगतात की, त्या बाईच्या हातानं प्रकल्पाच्या गाई नासल्या. हे खोटं आहे. ते खोटं आहे हे कागदासकट माहीत असलेला मी एकटाच उरलो आहे, आणि माझंही वय झालं आहे. म्हणून लिहितो.

सोजरबाई धनगराच्या घरातल्या. प्रकल्पापासून कोसभर आत त्यांचं गाव. नवरा मेंढरांमागे बाहेर, घरी शेळ्या, थोडी कोरडवाहू जमीन. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, हिंगोली अजून परभणी जिल्ह्यात असताना, त्या प्रकल्पावर धारा काढायला लागल्या. अंगानं लहानखुऱ्या. हात मात्र अंगाच्या मानानं मोठे, तळवे रुंद. त्या भरल्या मुठीनं धार काढत. अंगठा दुमडून धार काढणारा माणूस त्यांना चालत नसे. असा कुणी दिसला की त्या त्याच्या हातातून बादली काढून घेत आणि म्हणत, "दादा, सडाला गाठ आली तर तुझ्या अंगठ्यानं ती निघंल का?"

त्यांच्या हाताला गुण आहे असं आजूबाजूची चार-पाच गावं मानत. कुणाची पहिलारू म्हैस किंवा गाय व्याली की पहिली धार काढायला सोजरबाईला बोलावणं जाई. पहिलारू जनावराला कासेला हात लावलेला माहीत नसतो. ते लाथा झाडतं, पान्हा चोरतं, आणि पहिल्या दिवशी बिथरलं की पुढं आयुष्यभर त्रास देतं. सोजरबाई जात, जनावराच्या पोटाला कपाळ टेकून नुसत्या उभ्या राहत. किती वेळ, ते जनावर ठरवी. मोबदला म्हणून वाटीभर चीक घेत. ती वाटी पदराखाली झाकून परत येताना मी त्यांना कितीदा तरी पाहिलं आहे. त्या वेळी त्या रस्त्याच्या मधोमध चालत. एरवी कडेनं चालत.

यंत्र आलं तेव्हाची एक गोष्ट. दूध काढायचं यंत्र म्हणजे रबराचे आतून मऊ असे चार कप, ते सडांना लावायचे, नळीतून हवा ओढली जाते आणि दूध डब्यात येतं. पुण्याहून आलेल्या इंजिनिअरनं पहिल्या सकाळी बिजली नावाच्या गाईला कप लावले. बिजली आमची सगळ्यात दुधाळ. यंत्र टिक-टिक करत राहिलं, डब्यात तांब्याभरही दूध आलं नाही. इंजिनिअरनं नळ्या तपासल्या, दाब वाढवला. गाईनं पाय आपटायला सुरुवात केली.

"दाब वाढवू नका," सोजरबाई म्हणाल्या.

"बाई, हे मशीन आहे, त्याला दाब लागतोच."

"मशीनला लागत असंल. तिनं पान्हाच सोडला न्हाई तर तुमी काय हाडातून वढणार का?"

त्यांनी यंत्र बंद करायला लावलं. कोमट पाण्याचं फडकं घेतलं, कास पुसली, प्रत्येक सडाच्या दोन-दोन धारा तळव्यावर घेऊन पाहिल्या, हुंगल्या. मग कास वरून खाली चोळत राहिल्या. थोड्या वेळानं सड टणक झाले तशा म्हणाल्या, "आता लावा. आता ती देऊन राहिली, घ्या." डबा भरला. यंत्र थांबल्यावरही त्या पुन्हा खाली बसल्या आणि हातानं शेवटच्या धारा काढल्या. लहान बादलीत बरंच दूध निघालं, ते त्यांनी त्याच डब्यात ओतलं.

इंजिनिअर गेला. रीत मात्र ती पडली. आधी सोजरबाईचा हात, मग यंत्र, मग पुन्हा सोजरबाईचा हात. बाकीचे धारकरी त्यांचं बघून शिकले. यंत्राची टिक-टिक त्यांनी कानानं पाठ केली. एकदा वीज गेली. ती जायच्या आधी मोटारीचा आवाज जरा जड होतो म्हणे. मला तो कधी ऐकू आला नाही. त्या रांगेतून पळत सुटल्या आणि एकेक कप काढत गेल्या. शेवटच्या गाईपाशी पोचल्या आणि दिवे गेले. एकही कप शेणात पडला नाही.

दोन हजार सालानंतर एक परदेशी पाहुणा आला. डच माणूस, उंच, उन्हानं लाल झालेला. नाव यान. त्याचा विषय असा की, ज्या देशांत गाईचं दूध रोबो काढतो, म्हणजे माणूस नसताना यंत्राचा हात स्वतः सड शोधून कप लावतो, त्या देशांतल्या गोठ्यांचं काम एकमेकांशी ताडून पाहायचं. कुठे एका गाईला किती वेळ लागतो, कुठे कप किती वेळा निसटतात, कुठे किती दूध कासेत राहून जातं. सोबत ताडण्यासाठी त्याला काही साधे यंत्राचे गोठे हवे होते. उष्ण प्रदेशातला एक म्हणून त्यानं आमचा घेतला.

त्यानं आपल्या छोट्या संगणकावर रोबोचं चित्रण दाखवलं. आम्ही सगळे वाकून पाहत होतो. गाय एका पिंजऱ्यात चालत आली, खालून एक लोखंडी हात आला, लाल उजेड पाडून सड शोधले आणि कप लावले. मोडक्यातोडक्या इंग्रजीत मीच दुभाषा.

"ह्या गाईला हाकलून आणलं कुणी?" सोजरबाईंनी विचारलं.

"कुणी नाही. तिला वाटेल तेव्हा ती स्वतः येते."

"मंग आत खायाला ठेवलं असंल."

मी विचारलं. यान हसला, म्हणाला, हो, खुराक ठेवलेला असतो.

"तेच म्हणलं. गाय काय त्या लोखंडाच्या मायेनं यायची न्हाई." मग जरा थांबून, "समद्याच येतात?"

यान आता हसत नव्हता. तो म्हणाला, सगळ्या येत नाहीत. काही देशांत गाई गोठ्यातच असतात, तिथे बहुतेक येतात. जिथे लांब कुरणात चरतात तिथे काही येतच नाहीत. उन्हाळा कडक असेल तर आणखी कमी.

"मंग त्यांना आणाया कोण जातंय?"

"माणूस."

"त्या माणसाचं नाव लिवता का, का समदं नाव मशीनचंच?"

मी हे भाषांतर करून सांगितलं तेव्हा यान उठला आणि पिशवीतून छापील तक्ते घेऊन आला. त्यात एका रकान्यावर त्यानं बोट ठेवलं. प्रत्येक गाईला माणसाचा हात किती वेळा लागला आणि त्या हातानं किती दूध निघालं, याचा तो रकाना. तो मला म्हणाला, हा सगळ्यात महत्त्वाचा. एखादा गोठा इथे चुकला तर सगळ्या देशांची तुलना वाया जाते. मोजलं नसेल तर जागा रिकामी सोडा. शून्य फक्त तेव्हाच लिहा जेव्हा हात खरोखर लागलेला नसेल.

मी मान डोलावली. सोजरबाईंना सांगितलं की, हो, माणसाच्या हाताचा रकाना आहे. त्यांचा चेहरा उजळला. "मंग बराबर हाय," त्या म्हणाल्या.

यान गेल्यावर मी तक्ते भरायला बसलो. शेवटच्या धारांचं दूध वेगळं मोजायचं होतं. मी सोजरबाईंना वेगळी बादली दिली. त्यांनी ती घेतली नाही.

"निपटलेली धार येगळी मोजायची न्हाई, भाऊसाहेब. माझ्या सासूनं कव्हा मोजू दिली न्हाई. ती त्याच भांड्यात जाती. येगळी केली की जनावर आटतं."

"अहो, नुसतं वजन करायचंय. नंतर ओता की त्यातच."

"येकदा येगळी झाली ती झालीच. मला ते व्हायाचं न्हाई. तुमी दुसरं काई बी सांगा."

ओतण्याआधी एकदा आणि ओतल्यावर एकदा डब्याचं वजन केलं असतं तरी भागलं असतं. ते मला तेव्हा सुचलं नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं तर सुचलं होतं. प्रत्येक गाईमागे दोनदा डबा काट्यावर चढवायचा कंटाळा आला. आणि हात किती वेळा लागला एवढं तर न मोजताही लिहिता आलं असतं. तेही मी लिहिलं नाही.

जागा रिकामी सोडायची होती. पण आमच्या खात्यात रिकामा रकाना म्हणजे गुन्हा. तालुक्याला गेलेला तक्ता शेरा मारून परत येई, वर साहेबाची बोलणी. इतक्या वर्षांत हाताला वळण पडलं होतं, माहिती नसेल तिथे शून्य टाकायचं. मी शून्य टाकलं. पहिल्या गाईपुढे टाकलं, दुसऱ्या गाईपुढे टाकलं, मग उभ्या ओळीत खालपर्यंत टाकत गेलो. रोजच्या वहीतही तसंच, म्हणजे वही आणि तक्ता जुळावा. यंत्राच्या दुधाच्या रकान्यात सगळं दूध मिळून लिहिलं.

त्या दिवसांत मी फसवत होतो असं मला वाटत नव्हतं. ते पुढे झालं.

काही महिन्यांनी यानचं पत्र आलं. आमचे आकडे पाहून तो चकित झाला होता. साध्या यंत्रानं, माणसाचा हात न लागता, कास इतकी पूर्ण रिकामी होते हे त्याला रोबोच्या कुठल्याच गोठ्यात दिसलं नव्हतं. त्यानं एकच प्रश्न विचारला होता. हाताच्या रकान्यातलं शून्य म्हणजे खरोखर शून्य, की मोजलेलं नाही?

मी ते पत्र दोन दिवस खिशात ठेवलं. प्रकल्पाचे अध्यक्ष अण्णासाहेब, त्यांना पत्राचा मोघम अर्थ सांगितला की आपले आकडे तिकडे फार आवडले आहेत. ते इतके खूश झाले की आल्यागेल्याला सांगू लागले, आपला गोठा हॉलंडच्या पुढं आहे. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. आयुष्यभर कारकुनी केलेल्या माणसाच्या पाठीवर असा हात फारसा पडत नाही. मी हिंगोलीला एका इंटरनेटच्या दुकानात गेलो आणि यानला उत्तर टाईप करवून घेतलं, शून्य म्हणजे शून्यच.

इथे मी फसवलं. रकान्यातलं पहिलं शून्य सवयीचं होतं. हे शून्य माझं.

अहवालाची पुस्तिका आली. तिच्यात देशोदेशीच्या गोठ्यांच्या यादीत आमचं नाव होतं. अण्णासाहेबांनी ते पान काचेत बसवलं. मग एके दिवशी ते गोठ्यात आले, धारकऱ्यांकडे पाहत म्हणाले, "हात लागत न्हाई म्हणता, मग एवढे हात कशाला उभे?" सहापैकी चार धारकरी कमी केले. राहिल्या सोजरबाई आणि मारोती नावाचा एक तरुण. दोघांनी फक्त कप लावायचे आणि काढायचे. यंत्र काढल्यावर कासेला हात लावायचा नाही, वेळ जातो.

हुकूम निघाला त्या दिवशी सोजरबाई माझ्या टेबलाशी आल्या. आत कधी येत नसत. उंबऱ्यातच थांबत.

"भाऊसाहेब, वहीत माझा हात लिवला हाय ना?"

"लिहिलाय," मी म्हणालो.

"न्हाई, मालक म्हणून राहिले की हात लागतच न्हाई. म्हणून इचारलं."

"लिहिलाय म्हटलं ना."

त्या मान हलवून गेल्या. मला खोटं बोलताना त्यांनी पकडावं असं एक क्षण वाटलं होतं. त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. वहीत लिहिणारं माणूस खोटं सांगतं, हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं.

पुढच्या काही महिन्यांत गोठा बिघडत गेला. शेवटच्या धारा निघेनात म्हणून मारोती कप जास्त वेळ ठेवू लागला. कपांचं आतलं रबर जुनं होऊन चिरलं होतं. सोजरबाई रोज त्यात अंगठा घालून बघत आणि मला सांगत, "रबर बदला, ते आता चावायलंय." मी अण्णासाहेबांना सांगे, ते पुढच्या महिन्यावर टाकत. आधी बिजलीची कास सुजली. मग तिच्या शेजारणीची. याला आमच्याकडे दगडी म्हणतात. कास दगडासारखी घट्ट होते, दुधात गाठी येतात, सड कायमचा जातो. दोन आठवड्यांत अर्ध्या रांगेत दगडी पसरली.

सोजरबाई सगळ्यांच्या डोळ्यादेखत हुकूम मोडू लागल्या. यंत्र काढलं की खाली बसायच्या आणि उरलेलं दूध हातानं काढायच्या. मारोती म्हणाला, "मावशी, मालक बघतील."

"बघू दे. भरल्या कासंनं गाय सोडून म्या घरी जाऊ काय?"

एका सकाळी धारा झाल्यावर अण्णासाहेबांनी सगळ्यांना बोलावलं. जनावरांचे डॉक्टर परभणीहून आले होते. टेबलावर वही होती. मी टेबलाच्या या बाजूला, सोजरबाई दाराशी. त्या दिवशी त्यांनी हात पदराखाली घेतले होते.

"बाई, मशीन काढल्यावर तुमी कासंला हात लावता?" अण्णासाहेबांनी विचारलं.

"लावते."

"मनाई केली व्हती ना? काहून लावता?"

"मालक, मागं दूध ऱ्हाऊन जातं. तसंच सोडलं की दगडी व्हती. आन् म्या काई आजच लावून न्हाई राहिले. मशीन आली तव्हापासून लावते. गाई बऱ्या व्हत्या तव्हा बी माझाच हात व्हता. वहीत लिवलंय. भाऊसाहेबाला इचारा."

डॉक्टरांनी वही ओढून घेतली. पानं मागे उलटत गेले. एक महिना, दुसरा महिना, पार मागे. मी त्यांच्या बोटाकडे बघत होतो. ते बोट हाताच्या रकान्यावरून खाली सरकत होतं.

"इथं तर सगळं शून्य आहे," ते म्हणाले.

"शून्य म्हंजी?" सोजरबाईंनी विचारलं.

"म्हणजे हात लागलेला नाही."

"न्हाई, नीट बगा. असंल तिथंच."

डॉक्टरांनी वही अण्णासाहेबांपुढे सरकवली. ते शांतपणे म्हणाले की, कागदावरून तर सरळ दिसतं. हात लागत नव्हता तोवर गाई निरोगी होत्या आणि दूध पूर्ण निघत होतं. हात लागायला लागला आणि आजार पसरला. एका गाईची घाण दुसरीला हातानं जाते. त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांच्यापुढे जो कागद होता त्यातून हेच निघत होतं.

"भाऊसाहेब?" अण्णासाहेब म्हणाले. "बाई म्हणतात लिवलंय. तुमी काय म्हणता?"

त्या वेळी बोललो असतो तर काय झालं असतं, याचा हिशेब मी पुष्कळदा केला आहे. अण्णासाहेब चिडले असते. काचेतलं पान खाली उतरलं असतं. माझी नोकरी गेली असती, पण माझं पेन्शन सुरू होतं, पोरं मार्गी लागली होती. माझं फार काही जाणार नव्हतं.

"वहीत आहे तेच आहे," मी म्हणालो.

सोजरबाईंनी आधी वहीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. त्या रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. "बरं," एवढं म्हणाल्या. बाहेर पडताना गोठ्याच्या दाराशी थांबल्या आणि नेहमीसारखी दोन्ही रांगांवरून नजर फिरवली. त्या दिवशी मला काही सांगितलं नाही.

त्यांना कामावरून काढल्यावरही दगडी थांबली नाही. त्यांचा हात लागत नव्हता तरी पसरत राहिली. मग रबर बदललं, पण तोवर निम्म्या गाईंचे सड गेले होते. एवढ्यावरून कुणालाही कळायला हवं होतं. पण गोष्ट गोठ्यातून निघून गावांत पोचली होती, आणि गावांत कुणी वही तपासत नाही. सोजरबाईचा हात बाधतो, एवढंच सगळीकडे झालं. पहिलारू जनावरांची बोलावणी बंद झाली. त्यांच्या शेजारच्या घरची म्हैस व्याली, तिनं दोन दिवस धार काढू दिली नाही, तर शेजाऱ्यांनी कळमनुरीकडून माणूस आणला. भिंतीपलीकडच्या सोजरबाईंना हाक मारली नाही. मारोतीनं मला सांगितलं की, आता घरातली सूनसुद्धा त्या उठायच्या आधी शेळ्यांच्या धारा काढून मोकळी होते. काही बोलत नाही, फक्त आधी उठते.

प्रकल्प बंद पडला. मी घरी बसलो. आणखी तीन-चार वर्षांनी, एका सकाळी, मी हिंगोलीहून जीपनं त्यांच्या गावी गेलो. सांगायचंच असं ठरवून गेलो होतो.

सोजरबाई अंगणात शेळ्यांपुढे बाभळीच्या शेंगा टाकत होत्या. थकल्या होत्या. मला पाहून पदर सावरला, बाज टाकली, पाणी आणून दिलं. सून घरात होती. मी पाणी प्यायलो आणि सगळं सांगितलं. बादलीचा कंटाळा, शून्य, यानचं पत्र, दुकानातून पाठवलेलं उत्तर. त्या शेंगा टाकत ऐकत राहिल्या.

"मला ठाऊक व्हतं," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"त्याच दिसापासून. डाक्टर पानं उलटत व्हते तव्हा तुमी त्यांच्या बोटाकडं बघत व्हता. वहीत माझं नाव असतं तर तुमी माझ्याकडं बघितलं असतं."

"मग तुम्ही का बोलला नाहीत?"

"मला वाचता येतं का, भाऊसाहेब? तिथं काय लिवलंय ते तुमी म्हणणार, आन् समदे तुमचंच ऐकणार." त्यांनी हात झटकले. "आता मला सांगून काय उपेग? मला तर ठाऊकच हाय. त्यांना सांगा."

त्यांनी हात केला तिकडे, गल्लीच्या टोकाला, लिंबाचा पार होता. सकाळची वेळ, आठ-दहा माणसं बसलेली. त्याच्या अलीकडे रस्त्यावर जीप भरत होती.

"चला," त्या म्हणाल्या. "लई येळ लागायचा न्हाई. जे मला सांगितलं तेच सांगा. आवंदा गावातल्या दामोदरची गाय पैल्यांदा व्यायची हाय. तेवढं येकदा मला जाऊ द्या."

मी म्हणालो, "हो, चला." त्यांनी चप्पल घातली नाही. पुढे निघाल्या. मी मागे. त्या रस्त्याच्या मधोमध चालत होत्या. पाराजवळ आलो तेव्हा मला तिथे बसलेली माणसं दिसली. एक जण माझ्या ओळखीचा होता, खात्यातल्या जुन्या सहकाऱ्याचा भाऊ. त्यानं मला पाहून हात जोडले. जीपवाल्यानं हाक दिली, "हिंगोली, हिंगोली, एक सीट." माझे पाय जीपकडे वळले. ते का वळले हे मी अजून नीट सांगू शकत नाही. मला भीती वाटली, इतकंच खरं.

त्यानंतर मी त्या गावाला गेलो नाही. दोन वर्षांनी मारोतीकडून कळलं की सोजरबाई वारल्या. दामोदरच्या गाईला कुणी बोलावलं होतं, ते मी त्याला विचारलं नाही. यानला मी आता खरं पत्र लिहिलं आहे. ते पोचेल की नाही, माहीत नाही. हे इथलं लिहिणं त्या पारावरच्या माणसांसाठी आहे. त्यातली जी उरली असतील त्यांच्यासाठी. मशीन आली त्या दिवसापासून प्रत्येक गाईला त्या बाईचा हात लागत होता. दोनदा लागत होता, आधी आणि नंतर. गाई निरोगी होत्या त्या त्यामुळे.

त्या दिवशी जीपमधून मी मागे पाहिलं होतं. सोजरबाई पाराजवळ उभ्या होत्या, मला पाठमोऱ्या. त्यांनी माणसांशी बोलायला सुरुवात केली होती. मी मागेच आहे असं त्यांना वाटत होतं. बोलता बोलता त्यांनी उजवा हात मागे केला, माझ्याकडे दाखवण्यासाठी, आणि माणसांनी त्या हाताच्या दिशेनं पाहिलं. हात तसाच वर धरून त्या वळायला लागल्या, तेवढ्यात जीप वळली.